डिजिटल छायाचित्राचे मुद्दल

बंगळुरूच्या लालबागेत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास, म्हणजे वर्षातून दोनदा, पुष्पप्रदर्शन भरते. १८८९ साली ज्याची कोनशिला बसविण्यात आली, त्या काचगृहात फुलांची एखादी भव्य प्रतिकृती उभारलेली असते आणि तिच्यासमोर उभे राहून घरोघरची मंडळी छायाचित्रे काढून घेत असतात. या असंख्य छायाचित्रांपैकी कागदावर उतरतात ती फारच थोडी. आणि उतरविण्याची वेळ येते तेव्हा निमित्त बहुधा निराळेच असते: आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, आईवडिलांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव, सेवानिवृत्तीचा निरोपसमारंभ, किंवा हार घालण्यासाठी तातडीने हवी असलेली तसबीर. मग जुना संग्रह धुंडाळला जातो. त्यात एक प्रसन्न मुद्रा सापडते, संगणकाच्या पडद्यावर ती सुरेख दिसते, परंतु फोटो लॅबमधील मनुष्य म्हणतो, “साहेब, हा बारा बाय अठराला जाणार नाही. फाटेल.”

‘फोटो फाटतो’ हा या व्यवसायातील रूढ शब्दप्रयोग आहे. कागद फाटत नाही. चित्र मोठे करताना त्यातील सूक्ष्म चौकोन डोळ्यांना दिसू लागतात, भुवया व केस यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि चेहऱ्याचा मऊपणा नाहीसा होतो. असे का होते याचे उत्तर लॅबमधील यंत्रात क्वचितच असते. छायाचित्र घेतले त्या दिवशी कॅमेऱ्याच्या मेन्यूमध्ये कोणती निवड केलेली होती, यात ते असते.

निगेटिव्हला ‘लहान’ आकार नव्हता

फिल्मच्या काळात हा प्रश्नच उद्भवत नसे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील प्रत्येक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरचीच उमटे. तीवरून आज पोस्टकार्डाएवढी प्रत काढा, दहा वर्षांनी भिंतीएवढी काढा. मूळ निगेटिव्ह तेच राहत असे. कर्नाटकाच्या संदर्भात येथे एम. वाय. घोरपडे यांचे स्मरण होते. संडूर या मराठी संस्थानाच्या घोरपडे राजघराण्यातील ही व्यक्ती १९७० च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्रिपद सांभाळत होती आणि त्याच व्यक्तीने वन्यप्राण्यांच्या कृष्णधवल छायाचित्रणात आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविली. १९८३ साली प्रसिद्ध झालेले ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचे पुस्तक जाणकारांच्या परिचयाचे आहे. (राज्याचा अर्थसंकल्प आणि हत्तीच्या कातडीवरील सुरकुत्या, दोन्हींकडे एकाच नजरेने पाहणारा मनुष्य विरळाच.) त्या पिढीच्या छायाचित्रकाराला प्रकाश, फिल्मची संवेदनक्षमता, भिंग या साऱ्यांची चिंता होती, परंतु ‘निगेटिव्ह लहान घेऊ की मोठे?’ असे कॅमेरा त्याला दर प्रसंगी विचारीत नसे.

डिजिटल कॅमेरा मात्र विचारतो. नेमके सांगायचे तर एकदाच विचारतो, आणि आपण दिलेले उत्तर मुकाट्याने पुढील प्रत्येक छायाचित्राला लावतो. म्हणूनच या निवडीकडे मुद्दलाच्या दृष्टीने पाहावे. मोठ्या मुद्दलातून लहान रक्कम केव्हाही काढता येते. लहान मुद्दलाचे मोठे करणारे व्याज मात्र या व्यवहारात कोणीही देत नाही.

पिक्सेल आणि इंच

डिजिटल छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची आडव्या-उभ्या रांगांत केलेली मांडणी होय. या एकेका ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आडव्या रांगेत ४००० आणि उभ्या रांगेत ३००० पिक्सेल असतील तर त्यांचा गुणाकार १ कोटी २० लाख, म्हणजेच १२ मेगापिक्सेल. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला हाती धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र १०० बाय १०० पिक्सेलचे होते आणि ते कॅसेटवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. आजच्या लॅबच्या मापाने त्याची निर्दोष प्रत काढावयाची तर ती काबुली चण्याच्या दाण्याएवढी होईल!

हे माप म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल. बहुतेक फोटो लॅबची यंत्रे याच घनतेच्या आसपास कागदावर चित्र उमटवितात. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. निरोगी डोळ्यास दोन बिंदू वेगळे ओळखता येण्यासाठी त्यांच्यात अंदाजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे कोनीय अंतर असावे लागते. हातात धरलेला फोटो आपण साधारण एक फुटावरून पाहतो. त्या अंतरावर हिशेब केला तर एका इंचात सुमारे २८५ बिंदू येतात; याहून अधिक दाटीने मांडलेले बिंदू डोळा वेगळे करू शकत नाही. व्यवहारासाठी हाच आकडा ३०० धरला जातो.

यावरून गणित अगदी सोपे होते. प्रतीची लांबी व रुंदी इंचांत घ्यावी आणि दोन्हींस ३०० ने गुणावे. नेहमीच्या ४ बाय ६ इंची प्रतीस १२०० बाय १८०० पिक्सेल, म्हणजे २ मेगापिक्सेलहून थोडे अधिक लागतात. ५ बाय ७ इंचांसाठी सव्वातीन मेगापिक्सेल धरावेत. ८ बाय १० इंचांच्या चौकटीसाठी हा आकडा ७.२ वर जातो, तर १२ बाय १८ इंचांसाठी एकदम साडेएकोणीस मेगापिक्सेलवर. प्रतीची बाजू दुप्पट झाली की पिक्सेल चौपट लागतात, हे येथे ध्यानात ठेवावे. घोटाळा बहुधा येथेच होतो.

तथापि शेवटच्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. १२ बाय १८ ची तसबीर कोणी नाकाजवळ धरून पाहत नाही. दोन फुटांवरून पाहताना इंचास दीडशे पिक्सेलही डोळ्यास पुरतात आणि २०० असतील तर प्रत उत्तमच दिसते. २०० च्या हिशेबाने तीच प्रत ८.६ मेगापिक्सेलमध्ये बसते. अंतर वाढले की गरज आणखी घटते. चौकातील दहा फूट रुंदीचा फ्लेक्स वीस फुटांवरून पाहिला जातो. तेथे इंचास १४-१५ पिक्सेल असले तरी चालते, म्हणजे संपूर्ण रुंदीस जेमतेम १७००-१८०० पिक्सेल पुरे होतात. चौकातल्या फ्लेक्सला जो फोटो पुरतो, तो दिवाणखान्यातील तसबिरीला पुरत नाही, हे ऐकण्यास विचित्र वाटले तरी खरे आहे.

आणखी एका गैरसमजाचा येथेच निकाल लावू. संगणकावर फाइलची माहिती उघडली असता कधी ‘७२ डीपीआय’ तर कधी ‘३०० डीपीआय’ असे लिहिलेले आढळते. ही केवळ एक नोंद आहे. ४००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र ७२ डीपीआय लिहिलेले असले तरी त्यात पिक्सेल तितकेच असतात. तसेच घरच्या इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावरील ४८०० डीपीआय हा आकडा शाईच्या सूक्ष्म थेंबांचा असतो. चित्रातील एका पिक्सेलचा रंग साधण्यासाठी असे अनेक थेंब खर्ची पडतात. आपण पाहावयाचे ते फक्त चित्राची लांबी व रुंदी किती पिक्सेलची आहे, एवढेच.

मेन्यूमध्ये काय निवडावे?

२००० ते २०१० या दशकातील छोटे डिजिटल कॅमेरे आज तरुण मंडळी पुन्हा कपाटांतून बाहेर काढू लागली आहेत, तेव्हा त्यांच्या मेन्यूविषयी दोन शब्द. काही कॅमेऱ्यांत आकार ‘एल’, ‘एम’, ‘एस’ अशा अक्षरांनी दर्शविलेले असत, तर काहींत ‘५एम’, ‘३एम’, ‘१एम’ आणि ‘व्हीजीए’ असे. व्हीजीए म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. हा आकार ई-मेलने पाठविण्यासाठी होता. त्या काळी कॅमेऱ्याबरोबर १६ मेगाबाइटचे कार्ड मिळे. त्यावर पूर्ण आकाराची सहा-सातच चित्रे मावत, म्हणून काटकसरीपायी अनेकांनी कॅमेरा लहान आकारावर लावून ठेवला आणि तो तसाच राहिला. त्या वर्षांतील कित्येक घरांच्या बारशांची आणि मुंजींची चित्रे आज ६४० बाय ४८० मध्ये अडकून पडली आहेत. त्यांची ४ बाय ६ ची प्रत कशीबशी निघते. १२ बाय १८ वर मात्र इंचास अवघे ३५ पिक्सेल येतात.

ती काटकसर आज निरर्थक झाली आहे. १२ मेगापिक्सेलचे एक चित्र साधारण ५ मेगाबाइटचे होते आणि ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अशी सहा हजारांवर चित्रे मावतात. म्हणून आकार नेहमी सर्वांत मोठा ठेवावा आणि ‘फाइन’ किंवा ‘सुपरफाइन’ ही प्रत निवडावी. आकार आणि प्रत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आकाराने पिक्सेलांची संख्या ठरते. प्रतीने ते किती दाबून साठवावयाचे हे ठरते. जेपेग पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून त्यांतील बारीक तपशील गाळला जातो. दाब जास्त असेल तर मोठ्या प्रतीत निळ्या आकाशावर आणि गालांवर चौकटी उमटतात. शिवाय जेपेग फाइल उघडून, फिरवून, कापून पुन्हा पुन्हा जतन केली तर बहुतेक वेळा तपशील दरवेळी थोडा थोडा गळतो. दुरुस्ती करावयाची ती प्रतीवर करावी, मूळ फाइल अबाधित ठेवावी.

मोबाइलच्या बाबतीत उलट प्रकार आढळतो. ५०, १०८, २०० मेगापिक्सेल अशा आकड्यांची जाहिरात होते. प्रत्यक्षात असे मोबाइल नेहमीच्या वापरात शेजारशेजारचे चार, नऊ किंवा सोळा पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक करतात आणि सुमारे १२ मेगापिक्सेलचे चित्र देतात. यात फसवणूक नाही. एकत्र केल्याने मंद प्रकाशात चित्र स्वच्छ येते. पूर्ण आकड्याची निवड भर उन्हात, स्थिर हाताने, एखाद्या निसर्गदृश्यासाठी करावी. देवघरातील समईच्या उजेडात ती करू नये. एरवी १२ मेगापिक्सेल १२ बाय १८ इंचांच्या प्रतीस पुरून उरतात: १८ इंचांत ४००० पिक्सेल, म्हणजे इंचास २२२.

खरी हानी होते ती डिजिटल झूममुळे. दुप्पट डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला चतुर्थांश भाग कापून तो फुगविणे. १२ मेगापिक्सेलचे ३ होतात, आणि फाइलचा आकार पूर्वीइतकाच दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. दोन पावले पुढे जाणे यापेक्षा केव्हाही चांगले.

प्रमाणाचाही विचार करावा लागतो. मोबाइल आणि छोटे कॅमेरे ४:३ या प्रमाणात चित्र घेतात. ४ बाय ६ आणि १२ बाय १८ हे कागद मात्र ३:२ प्रमाणाचे. कागद पूर्ण भरावयाचा तर चित्राच्या उंचीतील सुमारे ११ टक्के भाग कापला जातो, आणि त्यात मागच्या रांगेतील उंच काकांचे कपाळ किंवा पुढे मांडी घालून बसलेल्या मुलांचे पाय जातात. मोबाइलमधील १६:९ हा रुंद आकार पडद्यावर देखणा दिसतो, परंतु त्यासाठी वरखालचा चौथा हिस्सा आधीच टाकून दिलेला असतो आणि छपाईत आणखी १५ टक्के रुंदी कापली जाते. म्हणून ४:३ ठेवावे आणि चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडून चित्र घ्यावे.

समूहचित्रातील एक चेहरा

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या प्रसंगाकडे येतो. शाखेतील निरोपसमारंभाचे समूहचित्र घ्या: पाच रांगा, प्रत्येक रांगेत बारा माणसे. ४००० पिक्सेलच्या रुंदीत प्रत्येकाच्या वाट्याला खांद्यांसह सुमारे ३०० पिक्सेल येतात, निव्वळ चेहऱ्याला सव्वाशेच्या आत. १२ बाय १८ च्या प्रतीत हे चेहरे अर्ध्या इंचाचे व स्पष्ट दिसतील. हेच चित्र १६०० पिक्सेलच्या मध्यम आकारावर घेतले असते तर चेहऱ्याला ५० पिक्सेलही मिळाले नसते. ओठ आणि मिशी यांतील भेद तेथे संपतो.

परंतु पूर्ण आकारावर घेतलेल्या चित्रालाही मर्यादा आहेच. काही वर्षांनी त्या साठ जणांपैकी एकाच्या घरून फोन येतो: “तुमच्याकडे यांचा एखादा चांगला फोटो आहे का? आमच्याकडे सगळ्यांत हेच फोटो काढणारे, त्यामुळे यांचा एकट्याचा फोटोच नाही.” समूहचित्रातून खांद्यापर्यंतचा भाग कापला तर हाती येतात ३०० पिक्सेल. ८ इंच रुंदीच्या चौकटीत इंचास अवघे ३७. येथे कोणतीही सेटिंग मदतीस येत नाही. म्हणून समूहचित्र आटोपल्यावर पाच मिनिटे काढून ज्येष्ठांचे एकेकट्याचे, कमरेपासून वरचे, सावलीतील मोकळ्या उजेडात एकेक चित्र घ्यावे. घरात नेहमी कॅमेरा हाती धरणाऱ्या माणसाचे तर आवर्जून घ्यावे.

अशा लहान चित्रांतून मोठे चित्र घडविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता उपलब्ध आहेत व त्यांचे परिणाम थक्क करणारे असतात. झाडे, इमारती, कापडाचा पोत यांसाठी ती खुशाल वापरावीत. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र प्रस्तुत लेखक सावध आहे. मूळ चित्रात नसलेला तपशील यंत्र इतर असंख्य चेहऱ्यांच्या अनुभवावरून कल्पनेने भरते. परक्यास तो चेहरा निर्दोष वाटतो, घरची माणसे मात्र म्हणतात, “छान आहे, पण हे बाबा नाहीत.”

मूळ प्रत कोठे हरवते?

चित्र पूर्ण आकाराचे घेतले तरी ते प्रवासात लहान होते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र साधारण १६०० पिक्सेल लांबीचे होऊन पोहोचते. ४ बाय ६ इंचांस ते पुरेसे आहे, त्यामुळे पहिल्या छपाईत शंका येत नाही. मोठ्या प्रतीच्या वेळी ते उघडे पडते. २०२३ पासून तेथे ‘एचडी’चा पर्याय मिळू लागला आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविणे. त्यात एकही पिक्सेल कमी होत नाही. पुण्याच्या आत्याने बंगळुरूच्या भाच्याला पाठविलेला आजीचा फोटो छापावयाचा असेल, तर आत्याला एवढी तसदी अवश्य द्यावी.

दुसरी जागा आपल्या व्यवसायाशी संबंधित आहे. बँकेच्या भरतीपरीक्षेचा ऑनलाइन अर्ज भरताना आयबीपीएसच्या सूचनेनुसार छायाचित्र २०० बाय २३० पिक्सेलचे व २० ते ५० किलोबाइटचे लागते. उमेदवार आपले चांगले छायाचित्र त्या मापात कापतो आणि त्याच नावाने जतन करतो; मूळ चित्र त्याच क्षणी नष्ट होते. लहान केलेली प्रत ‘सेव्ह अॅज’ने वेगळ्या नावाने ठेवावी. २०० पिक्सेलचा चेहरा अर्जापुरता आहे, लग्नपत्रिकेच्या अल्बमपुरता नाही.

पेटीतील जुने फोटो

ज्यांचे डिजिटल चित्र कधी निघालेच नाही, त्यांच्यासाठी स्कॅनर आहे. हिशेब तोच. कागदपत्रांसाठी कार्यालयातील स्कॅनर बहुधा २०० किंवा ३०० डीपीआयवर लावलेला असतो. ३०० वर स्कॅन केलेल्या फोटोची त्याच आकाराची प्रत निघते. दुप्पट आकार हवा असेल तर ६०० निवडावे. सेवापुस्तिकेवरील साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ६०० वर स्कॅन केल्यास ८२७ बाय १०६३ पिक्सेल मिळतात आणि त्यांतून ४ बाय ५ इंचांची समाधानकारक प्रत निघते. याहून मोठा आकडा निवडला तर बहुतेक वेळा कागदाचा पोतच मोठा होऊन येतो.

मात्र त्याच फोटोची निगेटिव्ह सापडली तर चित्र पालटते. ३५ मिलिमीटरची चौकट २४०० डीपीआयवर स्कॅन केली असता २२६८ बाय ३४०२ पिक्सेल हाती येतात, म्हणजे साडेसात मेगापिक्सेलहून अधिक. त्यांतून ८ बाय १२ इंचांची प्रत इंचास २८० च्या वर जाते. निगेटिव्हचे स्कॅनिंग करून देणाऱ्या जुन्या लॅब मोठ्या शहरांत अद्याप आहेत. तेव्हा पेटी आवरताना जुन्या पाकिटांतील तपकिरी पट्ट्या निरुपयोगी समजून टाकू नयेत. त्या केवळ कडांना धरून उचलाव्यात, ओल्या फडक्याने पुसू नयेत आणि स्कॅनिंगला नेईपर्यंत कोरड्या कागदी पाकिटात वेगवेगळ्या ठेवाव्यात.